जमारिसच्या वळणावर गप्प होणाऱ्या गाड्या

निदारची टपरी घाटाच्या तोंडाशी होती. सोलोककडचा हलका उतार जिथं संपतो आणि पडांगकडचा उभा उतार लागतो, अगदी तिथं. पूर्ण नाव रोस्मानिदार, पण कोबीचा ट्रक रस्त्यात उभा करून एवढं लांब नाव कोण घेत बसतो? सगळे तिला उनी निदार म्हणायचे. उनी म्हणजे ताई. पोटं सुटलेले, नातवंडं झालेले ड्रायव्हरसुद्धा उनीच म्हणायचे आणि ती त्यांना लहान पोरांसारखी झाडायची.

"हात धुतलेस का रे? ग्रीसचे हात घेऊन माझ्या तळलेल्या केळ्यांना शिवू नकोस."

"उनी, ग्रीस लागलं की केळं घशातून सटकन उतरतं."

"मग ग्रीसच खा. केळी ठेव माझी."

तिच्या हातचा अंड्याचा चहा प्यायला लोक खालून थांबत थांबत यायचे. पिवळा बलक आणि साखर पेल्यात घालायची आणि माडाच्या हिरांच्या जुडीनं फेटत सुटायची. इतकं फेटायची की बघणाऱ्याचा हात दुखावा. पांढराशुभ्र फेस वर आला की त्यावर उकळता चहा ओतायचा, वर लिंबू. फेटता फेटता तिचे कान मात्र रस्त्यावर. वरून गाडी यायच्या आधीच सांगायची, ही कांद्याची, ही रिकामी, ह्याचा क्लच गेलाय, ह्याचं आणि बायकोचं भांडण झालंय सकाळी. भांडण कसं कळतं विचारलं तर म्हणायची, गियर कसा आपटतोय ऐक की.

हे कान तिला भावानं दिले होते. जमारिस त्याचं नाव. निदार त्याला उदा म्हणायची, उदा म्हणजे दादा. आमच्यात घर बाईचं असतं. नवरा येतो, जातो, पण बहिणीच्या पोरांना वाढवायचं ते मामानं. निदारचा नवरा कमवायला म्हणून समुद्रापलीकडं गेला आणि तिकडंच मुरला. मग तिच्या पोराला, योंद्रीला, खांद्यावर बसवून बाजार दाखवला तो मामानं, सुंता केली मामानं, शाळेत घातलं मामानं. आणि हे सगळं केलं ते डिझेल वाचवून. मालक फेरीचं डिझेल ठरवून द्यायचा. त्यातनं जे उरलं ते ड्रायव्हरचं. बाकीच्यांचं काही उरायचं नाही, जमारिसचं उरायचं.

हौशीनं शिकवायचा तो. टपरीवर बसला की एकेकाला धरून सांगायचा. चढ दिसला की आधीच गाडीला जोर द्या, चढावर पोचून बोंबलून काय उपयोग? गाडी दमायच्या आत गियर खाली घ्या, पळायला लागली की लगेच वर. इंजिनाला उगाच रडवू नका आणि उगाच किंचाळायलाही लावू नका. एस्लेटरवर पाय असा ठेवा, जसं खाली कोंबडीचं पिल्लू आहे. चाकांत हवा कमी असली की गाडी चिखलातून चालल्यासारखी डिझेल खाते. आणि चहाला उतरलात की इंजिन बंद करा. टपरीपुढं कुणाची गाडी नुसतीच घुरघुरत उभी असली की तो हळूच विचारायचा, "काय रे, तुझ्या गाडीला पण चहा सांगू का?"

उताराबद्दल मात्र फार बोलायचा नाही. खरं डिझेल उतारावर वाचतं, एवढंच म्हणायचा आणि गालात हसायचा. निदारनं कधी विचारलं नाही. उतारावर गाडी आपोआप जाते, त्यात काय वाचवायचं, असं तिला वाटायचं.

टपरीच्या खाली एक वळण आहे. पलीकडचं काही दिसत नाही असं. तिथून जाताना सगळे तीनदा हॉर्न वाजवायचे. एक तर समोरच्याला कळावं म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्या रानात जे राहतात, ज्यांचं नाव आपण घेत नाही, त्यांना विचारून जावं म्हणून. जमारिस वाजवायचा तेव्हा निदार इकडून पळी पातेल्यावर तीनदा वाजवायची. भावाबहिणीचं रोजचं बोलणं म्हणजे एवढंच.

मग ती सकाळ आली. धुकं होतं. कोबी भरलेली त्याची गाडी वरून आली, टपरीपाशी आली आणि आवाज गेला. इंजिन गप्प. नुसती चाकं रस्त्यावरून सरसरत गेली. निदारला वाटलं, बरी चाललीय गाडी, दमली नाहीये. मग खालून हॉर्न आला. तीनदा नाही. एकच, न तुटणारा, लांब लांब जाणारा. आणि मग कसलाच आवाज नाही.

जमारिस गाडीबरोबर दरीत गेला. त्याच्या गाडीवरचा जोडीदार साविर, तो उडी मारून वाचला, पाय तेवढा वाकडा झाला. ब्रेक गेले, लोक म्हणाले. नशीब, म्हणाले. निदारनं पण तेच धरलं.

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि निदार टपरीवर परत बसली. पहिलाच ट्रक उतरला, त्यानं वळणावर तीनदा हॉर्न दिला, आणि इकडं निदारच्या हातातला पेला गेला. दोन्ही कान दाबून ती टेबलाखाली जाऊन बसली. बाहेर काढता काढता दोघं ड्रायव्हर रडले.

त्यांनी आपापसात ठरवलं, आता इथं हॉर्न नाही. साविरला ट्रक चालवणं शक्य नव्हतं, त्यानं टपरीच्या बाजूला पंक्चरचं दुकान टाकलं आणि वळणावर फडकं घेऊन तोच उभा राहायला लागला, समोरून येणाऱ्याला थांबवायला. पण न विचारता त्या वळणावरून जायचं कसं? एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला सुचलं. त्यानं टपरीपाशी डोक्यावरची टोपी काढली आणि गियरही काढला. गाडी न्यूट्रलला टाकून, कबरीपुढून चालत जावं तसा, गप्प निघून गेला. मागच्यानं बघितलं, त्यानंही तसंच केलं. मेलेल्याचा मान पण राहतो आणि थोडं डिझेल पण वाचतं, अशी रीत रुजायला कितीसा वेळ लागणार? थोड्याच दिवसांत घाट उतरणारी एकेक गाडी निदारच्या टपरीपाशी गप्प व्हायला लागली. नव्या ड्रायव्हरला जुने सांगायचे, हे जमारिसचं वळण, इथं आवाज करायचा नाही.

आणि त्या गप्पपणात तो यायला लागला.

पहिल्यांदा झालं तेव्हा निदार बलक फेटत होती. गाडी गप्प झाली, तिचा हातही थांबला. तेवढ्यात मागचं बाक करकरलं. जड माणूस बसल्यावर करकरतं तसं. पेल्यात चमचा किणकिणला. लवंगेच्या सिगारेटचा वास आला आणि घसा खाकरल्याचा आवाज, त्याचाच, शेवटी जरा वर जाणारा. निदारनं मान वळवली नाही. का कोण जाणे, तिला कळलं होतं की वळायचं नाही. खाली गाडीनं परत गियर घातला, इंजिन बोललं, आणि मागचं बाक रिकामं झालं. रिकाम्या बाकाचा पण आवाज असतो, ती म्हणायची, नीट ऐकलं तर.

मग ती त्याच्याशी बोलायला लागली. गाडी टपरीपासून वळणाच्या पलीकडं पोचेपर्यंतच तो थांबायचा, म्हणून तिला भराभर बोलावं लागायचं. एक वाक्य कोबीच्या गाडीला, पुढचं कांद्याच्या. "उदा, मागचं छप्पर गळतंय, मी त्या सुताराला..." की गेली गाडी. मग पुढची येईपर्यंत ती वाक्य तोंडात धरून ठेवायची. "...सांगितलंय, पण तो नुसता हो म्हणतो." शेजारच्या बायका बसलेल्या असल्या तर त्या पण गप्प व्हायच्या. बाक करकरलेलं त्यांनीही ऐकलंय. एकमेकींकडं बघायच्या, निदारकडं कुणी बघायचं नाही. कुणाला भीती अशी वाटायची नाही. पण उठून जाताना त्या बाकाला वळसा घालून जायच्या.

अशी वर्षं गेली. निदार हसायची, लोकांना झाडायची, पण तिचा अर्धा जीव त्या गप्प गाड्यांवर अडकलेला. ज्या दिवशी घाट बंद असायचा, दरड कोसळून वगैरे, त्या दिवशी ती आजारी माणसासारखी दिसायची. सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी आल्या की चिडचिड करायची.

योंद्री मोठा झाला आणि ट्रकवरच बसला. मामाच्या मालकानंच ठेवून घेतला. पोरगं हुशार निघालं. मामानं शिकवलेलं सगळं करायचा, वर आपलं चार गोष्टींनी जास्त. ताडपत्री अशी ओढून बांधायचा की वारा कुठं फडफडू नये. डिझेल मामापेक्षा जास्त उरवायचा. निदार गप्प गाडीच्या वेळी मागं न बघता अभिमानानं सांगायची, "उदा, पोरगं तुझ्यावर गेलंय हो." मागनं खाकरल्याचा आवाज यायचा. त्यात तिला हसू ऐकू यायचं.

त्या दिवशी ती योंद्रीच्या लग्नाचं सांगत होती. मुलीकडचे लोक कधी बघायला येणार ते. योंद्रीचीच गाडी उतरत होती, पूर्ण भरलेली, आणि टपरीपाशी गप्प झाली. बाक करकरलं. निदार म्हणाली, "उदा, मुलगी चांगली आहे, पण तिची आजी..." आणि वास आला.

जळका वास. केस आणि रबर आणि लोखंड एकत्र भाजल्यासारखा. निदारचं बोलणं तोंडातच राहिलं. हा वास तिनं एकदाच घेतला होता आणि इतकी वर्षं तो तिच्या नाकात कुठंतरी झाकून ठेवलेला होता. हॉर्नच्या खाली दबलेला. तिनं पहिल्यांदा मान वळवून बाकाकडं बघितलं. बाकावर कुणी नव्हतं. मग ती डोक्यावरचं फडकं सावरत रस्त्यानं खाली पळत सुटली.

वळणावर साविर उभा होता, हातातलं फडकं खाली गेलेलं, तोंड राखेसारखं. वळणाच्या बऱ्याच खाली योंद्रीनं गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली होती. चाकांतून धूर निघत होता आणि योंद्री हसत हसत खाली उतरत होता.

"काही नाही अमाक," तो आईला म्हणाला. "ब्रेक जरा तापले."

"जरा?"

"तू कशाला पळत आलीस? पडशील कुठंतरी. जा, चहा कर, मी गाडी गार होऊ देतो."

निदार वर आली ती साविरच्या दुकानात जाऊन टायरवर बसली. साविर लंगडत मागून आला. तिच्याकडं बघेना.

"साविर, त्या दिवशी उदाची गाडी पण गप्प होती."

"उनी, आता कशाला ते?"

"आधी गप्प झाली. मग हॉर्न आला. मग हा वास आला. आज आधी गप्प झाली आणि मग वास आला. मधला हॉर्न तेवढा राहिला होता. बोल."

साविरनं ट्यूबवरची माती पुसली. मग सांगितलं त्यानं. जमारिस टपरीपाशीच गियर काढायचा. उतारावर डिझेल वाचतं म्हणायचा ते हेच. रोज काढायचा आणि रोज खाली पोचायचा. त्या दिवशी माल जास्त होता, ब्रेक आधीच तापलेले. वळणाच्या आधी पाय नुसताच खाली जायला लागला. मग त्यानं गियर परत घालायला बघितलं. पण गाडी तोवर इतकी सुटलेली की गियर बसेना. घालतोय आणि गियर दात खातोय, घालतोय आणि दात खातोय. एका हातानं हॉर्न दाबलेला, दुसरा हात दांडीवर. साविर, उडी मार, म्हणाला. आणि मी मारली, उनी.

"एवढी वर्षं बोलला नाहीस."

"कसं बोलू? तुम्हाला हॉर्न सहन होईना म्हणून त्यांनी गियर काढले. आणि तुम्ही किती निवलात त्यानं. मी काय येऊन सांगू? की उनी, ज्यानं तुम्हाला बरं वाटतंय, त्यानंच त्याला नेलं?"

"आणि माझ्या पोराला नेलं असतं मग?"

"मी रोज फडकं घेऊन उभा राहतो, उनी. रोज एकेकाच्या चाकांकडं बघतो."

"बघून काय करणार होतास? फडकं हलवणार होतास?"

साविरनं हातातली ट्यूब बाजूला ठेवली.

संध्याकाळी योंद्री घरी आला तेव्हा निदारनं त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली. "उद्यापासून गियरमध्ये उतरायचं," म्हणाली.

"अमाक, ती मामाची रीत आहे. मीच मोडली तर लोक काय म्हणतील? सख्खा भाचा मामाच्या वळणावर बोंबलत जातो म्हणतील."

"लोकांना मी बघते."

"आणि डिझेल? गियरमध्ये इंजिन ओरडतं, फिरतं जोरात, डिझेल खातं. न्यूट्रलला गाडी फुकट जाते. ह्या घरावरचं छप्पर त्याच्यावरच झालंय. मामा काय वेडा होता?"

निदार रात्रभर तो शेवटचा प्रश्न चघळत बसली. भाऊ गेला तो गेला, पण निदान काहीतरी वाचवत गेला, अशी मनाची समजूत घालायची का? सकाळी ती साविरकडं गेली. "उतारावर डिझेल किती वाचतं ते मला डोळ्यांनी बघायचंय. मला आकडे कळत नाहीत, तसं दाखव."

साविरनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, बाटलीनं दाखवता येईल.

सुट्टीच्या दिवशी योंद्रीनं रिकामी गाडी आणली. कुरकुर करतच आणली, पण आईपुढं काय बोलणार? साविरनं पाण्याची एक साधी पारदर्शक बाटली डिझेलनं भरून केबिनमध्ये तारेनं टांगली. टाकीचा पाईप काढला आणि पंपाला ह्या बाटलीतला पाईप जोडला. पंपातनं जादा डिझेल परत येतं त्याचाही पाईप बाटलीतच सोडला. डिझेल जिथवर होतं तिथं बाटलीवर रबर चढवलं. "आता इंजिन खाईल ते ह्या बाटलीतनंच खाईल," म्हणाला. "रबराखाली किती गेलं ते बघायचं, बस."

सोलोककडचा एक हलका उतार धरला, जिथं कुणाला काही होणार नाही असा. तिघं केबिनमध्ये दाटीवाटीनं बसले, निदार मधे, बाटलीसमोर. पहिल्यांदा योंद्रीनं न्यूट्रल मारला. गाडी गप्प होऊन उतरायला लागली. निदारला सवयीनं वाटलं आता मागं काहीतरी करकरेल. पण काही नाही, नुसतं इंजिन आत कुठंतरी घुटघुटत होतं. उतार संपला तेव्हा डिझेल रबराच्या खाली बोटभर गेलं होतं.

"बघ, एवढंच," योंद्री म्हणाला. "एवढ्यात सगळा उतार झाला."

परत वर गेले, बाटली रबरापर्यंत भरली. आता तिसऱ्या गियरमध्ये, पाय एस्लेटरवरून पूर्ण काढून. इंजिन ओरडत होतं, केबिन थडथडत होती. निदार बाटलीकडं टक लावून बसली. डिझेल थरथरत होतं, नाचत होतं, पण रबराखाली जाईना. उतार संपला तरी जाईना. गेलं असेल तर नखभर.

"पाईप वाकला असेल," योंद्री म्हणाला.

साविरनं पाईप चाचपला. "नाही वाकला."

"मग परत."

परत गेले. परत तसंच. योंद्रीनं बाटलीला टिचकी मारली, जसं काही ती झोपलीय.

"पाय काढलास की चाकंच इंजिनाला फिरवतात," साविर म्हणाला. "पंप मग डिझेल सोडतच नाही. ओरडतंय ते फुकट ओरडतंय. आणि न्यूट्रलला इंजिनाला स्वतःचा जीव धरून ठेवायला डिझेल लागतं. उतार संपल्यावर न्यूट्रलवाली गाडी सपाटीला जरा लांब जाईल, तेवढाच काय तो फायदा."

योंद्रीनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. निदार बाटलीतलं ते पिवळट डिझेल बघत होती. "म्हणजे उदानं उतारावर काहीच वाचवलं नाही," ती म्हणाली. हळूच, कुणाला सांगितल्यासारखं नाही.

योंद्रीनं स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याची शाळा, ते छप्पर, सगळं चढावरच्या अक्कलहुशारीनं झालं होतं. उतारावर मामानं नुसता जीव दिला होता.

दुसऱ्या दिवशी निदार टपरीवर बसली तेव्हा पहिली गाडी गप्प झाली आणि बाक करकरलं. ती काही बोलली नाही. दुसरी गप्प झाली, तरी बोलली नाही. मागं चमचा किणकिणला, थांबला, परत किणकिणला, जसा तो विचारतोय, काय झालं गं? तिनं डोळे मिटून घेतले. त्याला काय सांगायचं? तुझ्या त्या हसण्यात काहीच नव्हतं, हे सांगायचं? मेलेल्या माणसाला एवढं तरी राहू दे.

पुढची गाडी गप्प झाली तेव्हा ती मागं न बघता म्हणाली, "उदा, पोराला ह्या रस्त्यानं उतरायचंय. आता मला तुझ्याशी बोलायला जमायचं नाही." मग तिनं पदर खोचावा तशी डोक्यावरच्या फडक्याची टोकं मागं बांधली, चुलीतलं लाकूड ओढलं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

खालून चढून येणारे चहाला थांबतातच. त्यांना एकेकाला तिनं धरलं. "परत उतरशील तेव्हा मला तुझं इंजिन ऐकू आलं पाहिजे."

"उनी, जमारिस उदाचं वळण आहे ते."

"ते मला नको शिकवू. ज्या गियरनं चढतोस त्या गियरनं उतर."

"आवाज होईल, उनी. त्याला काय वाटेल?"

"त्याला काय वाटायचं ते त्याचं मी बघेन. जो गप्प जाईल त्याला माझ्याकडं चहा नाही, केळं नाही, ओट्यावर टेकायला जागा नाही."

एक म्हातारा ड्रायव्हर रागावला. तोच, ज्यानं सगळ्यात आधी टोपी आणि गियर काढला होता. म्हणाला, "आम्ही मान दिला, आणि तू आता आम्हालाच गुन्हेगार ठरवतेस?"

निदारनं त्याच्यापुढं चहा ठेवला, भरपूर फेसाचा. "तू मान दिलास म्हणून मी जगले रे. आता जरा आवाज दे, म्हणजे पोरगं जगेल." मग साविरनं बाटली आणून त्याला दाखवली. म्हाताऱ्यानं बाटलीकडं बघितलं, चहा प्याला आणि गेला.

"आणि हॉर्न?" साविरनं विचारलं. "फडकं मी धरेन, पण धुक्यात फडकं दिसतंय कुठं?"

निदारनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "हॉर्न पण. तीनदा. लांब नको."

सगळ्यांत शेवटी आला योंद्री. बरेच दिवस दुसऱ्या रस्त्याच्या फेऱ्या मागून घेत होता, टाळत होता. शेवटी एका सकाळी भरलेली गाडी घेऊन वरून उतरला. निदार बांबूचा खांब धरून उभी होती. गाडी टपरीपाशी आली आणि तिचे कान सवयीनं गप्पपणाची वाट बघायला लागले. गाडी गप्प झाली नाही. दुसऱ्या गियरमध्ये ओरडत, घुमत, टपरीच्या डब्यांना, पेल्यांना, पत्र्याला थरथरवत गेली. योंद्री समोर बघत होता, दात आवळून. वळणावर तीनदा हॉर्न वाजला. निदारचा हात खांबावर पांढरा पडला होता, पण टेबलाखाली गेली नाही ती.

मागं बाक होतं आणि बाकच होतं.

त्यानंतर सगळ्या गाड्या ओरडत उतरायला लागल्या. टपरी कशी सारखी थडथडणारी झाली. निदारचं हसणं तसंच राहिलं, झाडणंही, पण फेटता फेटता मधेच थांबायची, मग आपणच परत फेटायला लागायची. योंद्रीचं लग्न झालं. त्या मुलीच्या आजीनं बरंच छळलं, पण ती वेगळी गोष्ट.

एकदा संध्याकाळी, खालच्या मशिदीतली बांग नुकतीच झालेली, धुकं रस्त्यावर उतरलेलं. निदार पेले विसळत होती. आणि वरून गाडी आली ती नुसत्या चाकांच्या सरसर आवाजानं. इंजिन नाही.

"कोण रे तो मेला," म्हणत निदार हातातली पळी घेऊनच बाहेर धावली. धुक्यात काही दिसेना. दिवे नव्हते. पण तिच्या पुढून काहीतरी मोठं, जड, चाकांवर चाललेलं जात होतं, त्याचा वारा लागून तिच्या डोक्यावरचं फडकं मागं उडालं. कोबीचा ओला वास आला. आणि लवंगेच्या सिगारेटचा.

तिचा राग गेला. पळी खाली आली. ती त्याच्या बाजूनं चालायला लागली, भरभर, हात पुढं धरून, जसा काही गाडीचा दरवाजाच धरलाय.

"उदा," ती म्हणाली, "गियर घाल. आत्ता घाल, अजून हळू आहेस, आत्ता बसेल. दुसरा घाल. दुसरा. पुढं गेल्यावर बसत नाही तो. ऐक माझं. डिझेल जाऊ दे, किती जायचं ते जाऊ दे, मी भरते. घाल, उदा."

चालता चालता ती पळायला लागली आणि मग तिला पळवेना. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. चाकांचा आवाज धुक्यात पुढं गेला, बारीक होत गेला. तिनं कानांवर हात नेले नाहीत. हॉर्नची वाट बघत उभी राहिली, त्या लांब हॉर्नची.

खाली कुठंतरी गियर बसल्याचा खट्ट आवाज झाला. आणि इंजिन ओरडलं, खालच्या गियरमध्ये, भरल्या गाडीचं ओरडतं तसं, आणि ओरडत ओरडत वळणाकडं गेलं.

थोड्या वेळानं साविर फडकं खांद्यावर टाकून लंगडत वर आला. निदार अजून रस्त्यातच होती.

"काय झालं, उनी? आत्ता कोण उतरलं? मला आवाज आला, पण वळणावर कुणी आलं नाही."

"आला," निदार म्हणाली. "गेला तो. वळण घेऊन गेला."